शाळेतल्या माणसांचं मन सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या आणि संस्थांच्या शाळांत काम करणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं. माझी सगळी नोकरी याच जिल्ह्यात झाली, आधी वर्गावर आणि नंतर मुख्याध्यापकाच्या खुर्चीत. मी डॉक्टर नाही. त्यामुळे आजार आणि औषधांबद्दल इथे जे आहे ते डॉक्टरांपर्यंत पोचायला धीर यावा इतपतच आहे. शाळेचा कारभार कसा चालवावा याबद्दल मात्र मी ठामपणे लिहिलं आहे. "शाळेतली माणसं" म्हणजे केवळ शिक्षक नव्हेत. शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा परिचर, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, सगळे त्यात आले.

शिक्षकांना कसला आलाय ताण? सुट्ट्या तर भरपूर असतात.

हे पारावरही ऐकू येतं आणि घरच्या पंगतीतही. उत्तर म्हणून पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेतला दिवस बघावा. दोन शिक्षकांपैकी एक केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला गेलेले. उरलेल्या बाईंकडे चार इयत्ता. परिपाठ होतो न होतो तोच ताई सांगायला येतात की गॅस संपत आलाय. तेवढ्यात ग्रुपवर निरोप पडतो: "अतितातडीचे. आजच दुपारी ४ पर्यंत माहिती सादर करावी." शाळेत धड रेंज नाही, म्हणून मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून बाई वरच्या टेकाडावर जाऊन फोन हलवत उभ्या. लिंक उघडत नाही. खाली दुसरीतल्या दोन पोरांची मारामारी, एकाच्या कपाळाला खोक. संध्याकाळी बाई एसटीत बसतात तेव्हा त्यांना शारीरिक दमणुकीपेक्षा एकच गोष्ट टोचत असते: पहिलीतल्या ज्या मुलाला आज जवळ घेऊन शिकवायचं ठरवलं होतं, त्याच्याजवळ पाच मिनिटंसुद्धा बसता आलं नाही.

कामाचा डोंगर माणूस उपसतो. पण ज्या कामासाठी आलो तेच राहून जातं, ही बोच रोज साठत गेली की मन आटतं. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी तयारीचा वेळ धरून आठवड्याला किमान ४५ तास काम सांगितलं आहे. त्याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम लावता येत नाही. मतदारयाद्यांची कामं सुट्टीच्या दिवशी किंवा शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच म्हटलं आहे. कागदावर हे सगळं आहे, आणि शिक्षकांनी ते माहीत करून घेतलं पाहिजे.

मी नुसता दमलोय की हे काही वेगळं आहे, हे कसं ओळखू?

दमणूक सुट्टीने उतरते. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस गावी गेलात, झोप झाली, आणि पुन्हा हुशारी आली, तर ती दमणूक होती.

कामाने पोखरलं जाणं ही त्यापुढची पायरी. जागतिक आरोग्य संघटनेने याला आजार म्हटलेलं नाही, पण कामाच्या ठिकाणचा सततचा न आवरलेला ताण म्हणून त्याची नोंद केली आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखी वाटणं, कामाविषयी मन विटणं, आणि "माझ्याकडून काही धड होत नाही" असं वाटत राहणं. एके काळी मुलांच्या गमती घरी सांगणारे गुरुजी आता प्रत्येक मुलाबद्दल "ह्यांना काय शिकवून उपयोग" म्हणू लागले, तर हे त्यांच्या स्वभावात मुरलेलं आहे असं मानू नका. बहुतेक वेळा ते आतून रिते झालेले असतात.

नैराश्य हा मात्र आजार आहे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास राहतं, कशातच गोडी वाटत नाही. झोप उडते किंवा अती येते, भूक बदलते, लक्ष लागत नाही, स्वतःला दोषी वाटत राहतं, जगण्याचाच कंटाळा येतो. सुट्टी लागली तरी हे हटत नाही, उलट रिकाम्या वेळात वाढतं. इथे "मन घट्ट कर" हा सल्ला कामाचा नाही. डॉक्टर गाठायचा.

मला मनाचं काही नाही. पित्त होतं, डोकं दुखतं, पाठ धरते. मग?

आधी शरीराची तपासणी करून घ्या. थायरॉइड, रक्तातलं हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, रक्तदाब. यातल्या काही तक्रारींमुळे माणूस उदास आणि मलूल होतो, हे खरंच आहे. सगळे रिपोर्ट चांगले आले आणि तरीही रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येत असेल, तर आपल्याच डॉक्टरांना तेही सांगा. आपल्याकडे मनाचं दुखणं बऱ्याचदा पोटातून आणि डोक्यातून बोलतं.

जायचं कुठे? आमच्या तालुक्यात मनाचा डॉक्टरच नाही.

सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे फोन. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. नंबर १४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. फार मोठं संकट असेल तरच फोन करायचा, असं काही नाही. "झोप लागत नाही, शाळेचं नाव काढलं की धडधडतं" एवढं सांगायलाही करता येतो.

समोरासमोर दाखवायचं असेल तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक जिल्हा रुग्णालयातून काम करतं. साताऱ्यात ते क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. तुमच्या जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पथक कोणत्या वारी येतं, ते तिथल्या केस पेपर खिडकीवर विचारा. कराडकडच्या लोकांना कृष्णा रुग्णालय जवळ पडतं. साताऱ्यातच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन ही संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्याचं काम करते.

मानसोपचारतज्ज्ञ वेगळे आणि समुपदेशक वेगळे, हे लक्षात असू द्या. पहिले एमबीबीएसनंतर मानसोपचाराचं शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात, औषध तेच देतात. समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात. बऱ्याच जणांना दोन्ही लागतं. शाळेत येऊन तास-दीड तास प्रेरणादायी भाषण करणारे यांपैकी कोणीच नसतात.

गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर घ्याव्या लागतात, खरं का?

नाही. नैराश्यावरच्या नेहमीच्या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ वगैरे होऊन "हे आपल्याला सोसत नाही" म्हणत लोक गोळी सोडतात, आणि तिथेच घोटाळा होतो. बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवायला सांगतात, म्हणजे आजार उलटत नाही. थांबवायचं तेव्हा डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात. काहींना जास्त काळ घ्यावं लागतं, जसं बीपीचं घ्यावं लागतं.

सवय लागण्याची भीती खरी आहे ती झोपेच्या आणि तात्पुरतं शांत करणाऱ्या काही गोळ्यांची. सहकाऱ्याने "मला हिने छान झोप लागते" म्हणून पर्समधून काढून दिलेली गोळी कधीही घेऊ नका.

शाळेत कळलं तर? "वेडा मास्तर" म्हणतील, नोकरी जाईल.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये आला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार तुमच्या उपचाराची माहिती गुप्त राहणं हा तुमचा हक्क आहे. कायद्याने दिलेले मोजके अपवाद सोडले तर डॉक्टर ती मुख्याध्यापकाला, संस्थेला किंवा नातेवाइकांना परस्पर सांगू शकत नाहीत. मानसिक आजाराचे उपचार घेतले एवढ्यावरून कोणी तुम्हाला वेडं ठरवू शकत नाही, तो निर्णय सक्षम न्यायालयाचाच. आरोग्यविम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकीच जागा देणं विमा कंपन्यांना बंधनकारक आहे, तेव्हा पॉलिसीची अट पुन्हा वाचून बघा.

नोकरीचं म्हणाल तर, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दीर्घ आणि गंभीर मानसिक आजाराचाही समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. खाजगी शाळेत बेकायदा काढलं, तर १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांच्या आत अपील करता येतं. ही मुदत घरात रडत बसण्यात निघून जाते, म्हणून आवर्जून सांगतो.

लोक काय म्हणतील, याला कायद्यात उत्तर नाही. पण एक पाहिलं आहे. शाळेत कोणी तरी मानाच्या जागेवरच्या माणसाने "मीही उपचार घेतलेत, आता बरा आहे" असं सहज सांगितलं, की पुढच्या काही महिन्यांत आणखी कोणी तरी कोपऱ्यात गाठून "सर, तो डॉक्टर कोणता?" असं विचारतंच.

रजा मिळते का?

मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर परिवर्तित रजा घेता येते. पगार पूर्ण मिळतो आणि एका दिवसामागे खात्यातल्या दोन अर्धवेतनी रजा खर्ची पडतात. कायम कर्मचाऱ्याच्या खात्यात पूर्ण केलेल्या सेवेच्या दर वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होत असते. कित्येकांना आपल्या खात्यात किती रजा आहे हेच ठाऊक नसतं. सेवापुस्तक मागवून बघा. अर्जात आजाराची कहाणी लिहायची गरज नाही, सोबत प्रमाणपत्र पुरतं.

मी मुख्याध्यापक आहे. शाळेत काय बदल करू? पैसे तर नाहीत.

पैसे फारसे लागत नाहीत. मुख्याध्यापकाच्या हातात असलेल्या चार गोष्टींनीच शाळेची हवा बदलते, असं माझं मत वर्षानुवर्षं घट्ट होत गेलं आहे.

पहिली, निरोप. वरून आलेलं प्रत्येक पत्र जसंच्या तसं ग्रुपवर ढकलू नका. आधी स्वतः वाचा. कोणाशी संबंध आहे, काय हवंय, कधीपर्यंत, एवढं दोन ओळींत लिहा आणि ज्याचं काम त्यालाच द्या. संध्याकाळी सातनंतर ग्रुप "फक्त ॲडमिन" करून टाका, आणि ॲडमिन असलेल्या तुम्हीही गप्प बसा. पूर, दरड, अपघात असेल तर फोन करा. रात्री साडेदहाला आलेल्या "उद्या सकाळी हजर ठेवावे" या ओळीने एखाद्याची झोप जाते, आणि सकाळी नऊला कळवलं असतं तरी काम तेवढंच झालं असतं.

दुसरी, चारचौघांत अपमान नाही. चूक झाली तर ऑफिसात बोलवा, दार लोटा, मग बोला. मुलांसमोर, पालकांसमोर, शिपायासमोर किंवा ग्रुपवर शिक्षकाला झापणं हा मी शाळेतला सर्वांत मोठा घातक प्रकार मानतो. साहेब तपासणीला आले आणि वर्गातच फैलावर घेऊ लागले, तर मुख्याध्यापकाने मध्ये पडावं: "साहेब, ऑफिसात बसून बोलू या, मुलं आहेत." एवढं एक वाक्य ज्याच्यासाठी कोणी बोललं, तो शिक्षक ते आयुष्यभर विसरत नाही.

तिसरी, कामाची वाटणी भिंतीवर लावा. निवडणूक, स्नेहसंमेलन, शिष्यवृत्तीचे जादा तास, यूडायस (शाळेची सरकारी माहिती ऑनलाइन भरणं), पोषण आहाराची नोंदवही: कोणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसू द्या. यादी लावली की लगेच दिसतं, "नाही" म्हणता न येणाऱ्या दोघा-तिघांवरच सगळा भार असतो. साधारणपणे ते नवीन असतात, किंवा घरची जबाबदारी असूनही तोंड न उघडणाऱ्या बाई असतात. दरवर्षी जूनमध्ये कामं फिरवा.

चौथी, तासिका. प्रत्येकाला दिवसातून एक मोकळा तास खरोखरच मोकळा मिळू द्या. कोणी रजेवर असलं की दर वेळी एकाच व्यक्तीला त्या वर्गावर पाठवू नका, वही ठेवा आणि पाळीने पाठवा.

एकदम सगळं जमलं नाही तर पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करा.

आम्ही योगदिन करतो, तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवतो. ते पुरेसं नाही का?

योग, प्राणायाम, चालणं यांनी बरं वाटतं, त्याविषयी वाद नाही. पण शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर सगळ्यांना थांबवून, हजेरी घेऊन, फोटो अपलोड करायला लावून तणावमुक्तीचं व्याख्यान ठेवलं, तर तो आणखी एक ताण झाला. कार्यक्रम ठेवायचाच असेल तर कामाच्या वेळेत ठेवा, ऐच्छिक ठेवा, आणि बोलायला शक्यतो जिल्हा रुग्णालयाच्या पथकातल्या माणसाला बोलवा.

एक सहकारी अलीकडे गप्प गप्प असतात. मी विचारलं तर राग येईल का?

सहसा नाही. कोणी विचारावं असंच बहुतेकांना वाटत असतं. मात्र स्टाफरूममध्ये, सगळ्यांदेखत नको. शाळा सुटल्यावर गाडीपर्यंत चालता चालता, किंवा टपरीवर चहा घेताना बोला. सुरुवात अशी करता येईल:

"सर, बरेच दिवस तुम्ही डबा खायला आमच्यात बसत नाही. तब्येत बरी आहे ना?"

"काही नाही ओ, चाललंय."

"चाललंय ते दिसतंय. मला घाई नाही, बसू थोडं."

मग गप्प राहा. हे अवघड जातं, कारण आपण शिक्षक, उत्तर द्यायची सवय लागलेली. ते बोलू लागले की मध्येच "अहो माझं तर याहून वाईट" म्हणून आपली कथा लावू नका, लगेच उपायही सांगू नका. ऐकून झाल्यावर एकच व्यवहाराची गोष्ट विचारा: "मी काय करू? उद्याचा तुमचा तास घेऊ? डॉक्टरकडे सोबत येऊ?" ऐकलेलं त्यांच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगायचं नाही, स्वतःच्या बायकोला किंवा नवऱ्यालाही नाही.

कोणी मरणाची भाषा करत असेल तर?

मनावर घ्या. "बोलणारा करत नाही" हा समज चुकीचा आहे आणि घातकही. सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. "हो" म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका. घरच्या एका विश्वासाच्या माणसाला बोलवून घ्या. घरात कीटकनाशक, साठवलेल्या गोळ्या असतील तर त्या घराबाहेर हलवायला सांगा. आपल्याकडे शेतीची घरं, तेव्हा हे लक्षात ठेवून विचाराच. त्यांच्याजवळ बसूनच १४४१६ ला फोन लावा. धोका तातडीचा वाटला तर ११२ ला फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या.

हे गुपित ठेवायचं वचन देऊ नका. वर लिहिलेला गुप्ततेचा नियम इथे बाजूला ठेवायचा, पण ज्यांना सांगणं गरजेचं आहे तेवढ्यांनाच सांगायचं. प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला पोलिसांची भीती असते. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं मानतं की ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती. तिला शिक्षा द्यायची नसून उपचार द्यायचे आहेत.

टीईटीबद्दलच्या (शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलच्या) न्यायालयाच्या निकालापासून झोप उडाली आहे. पंचवीस वर्षं शिकवून आता परीक्षा?

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आहे अशा शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायला सांगण्यात आलं. पाच वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नोकरीपुरती सूट मिळाली, पदोन्नतीसाठी नाही. ज्यांनी पिढ्या शिकवल्या त्यांना "आपण नालायक ठरलो" असं वाटतं, आणि हे वाटणं मी समजू शकतो. निकालाबद्दल संघटना जे करायचं ते करतील, करावंही. तुमच्या मनापुरतं सांगतो. अफवांचे ग्रुप सोडा, नियमांतला बदल परीक्षा परिषदेच्या अधिकृत सूचनेवरूनच बघा. पेपर १५० गुणांचा आहे, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एकट्याने कुढत अभ्यास करण्यापेक्षा केंद्रातले चौघे-पाच जण शनिवारी दुपारी एकत्र बसा. बालमानसशास्त्र तुम्ही रोज वर्गात जगता, त्याची पुस्तकी भाषा तेवढी नव्याने पाठ करायची आहे. तरुण शिक्षकांनी इथे ज्येष्ठांच्या शेजारी बसून मदत करावी, खूप मोठं काम होईल.

शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नोकरी लागली, गाव चारशे किलोमीटरवर. इथे कोणीच ओळखीचं नाही.

मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले तरुण शिक्षक महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या अवघड क्षेत्रात रुजू होतात. कांदाटी खोऱ्यात शिवसागर ओलांडायला लाँच. जुलैत पाऊस लागला की आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही, वीज जाते, फोन बंद. कोरड्या मुलखातून आलेल्या पोराला किंवा पोरीला तो पहिला पावसाळा फार जड जातो. त्या उदासीला नोकरीबद्दलचा नाराजीचा सूर समजू नका.

तुम्ही नवीन असाल तर खोली शक्यतो दुसऱ्या शिक्षकाबरोबर घ्या, एकटे राहू नका. घरी फोन करायची वेळ ठरवून ठेवा. गावातल्या एका घराशी तरी जेवणा-खाण्याचे संबंध जोडा. डोंगरातली माणसं "गुरुजी" म्हटलं की जीव लावतात, फक्त आपण उंबऱ्यापर्यंत जावं लागतं. आणि जुने असाल तर नव्या माणसाला पहिल्या गणपतीला आपल्या घरी जेवायला न्या.

पगारच अपुरा आहे. समुपदेशनाने पोट भरतं का?

नाही भरत. शिक्षणसेवकांचं (नव्याने लागलेल्या शिक्षकांचं) मानधन २०२३ मध्ये वाढून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झालं, आणि तीन वर्षं त्यावर काढायची. अंशतः अनुदानित शाळांतले शिक्षक वीस, चाळीस, साठ टक्के अशा अनुदानाच्या टप्प्यांची वाट बघत तरुणपण संपवतात. तासिका तत्त्वावरच्यांना तर सुट्टीचे पैसेच नाहीत. हा ताण मनातून उगवलेला नाही, तो पगारपत्रकातून आलेला आहे, आणि त्याचं उत्तर सरकार आणि संस्थांनीच द्यायचं आहे. संघटनेत जा, मागणी करा.

पण या लढाईत माणूस टिकला पाहिजे. लग्न ठरत नाही, भाऊ पुढे गेले, वडील काही बोलत नाहीत पण बघतात, हे मनात धरून बसलेल्यांना मदत घ्यायला पगार वाढेपर्यंत थांबायचं कारण नाही. टेलि-मानस आणि सरकारी दवाखान्यातले उपचार त्यांच्या आवाक्यात आहेत. खाजगी सावकाराचं कर्ज असेल तर ते घरात उघड करा. लपवलेलं कर्ज सगळ्यांत जास्त पोखरतं.

बायकांच्या अडचणी वेगळ्या आहेत का?

आहेत, आणि त्यांतली पहिली अगदी साधी आहे: स्वच्छतागृह. कडी नसलेलं, पाणी नसलेलं किंवा मुलांच्या रांगेतून जावं लागणारं. म्हणून सकाळी घरून निघाल्यापासून पाचपर्यंत पाणी न पिणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत. लघवीचे त्रास, डोकेदुखी, पाळीच्या दिवसांतली धास्ती, यावर तणावमुक्तीचं व्याख्यान काय करणार? एक कडी, एक बादली, एक झाकणाची कचराकुंडी घ्या. हा खर्च व्यवस्थापन समितीच्या पुढच्याच बैठकीत मांडा. चाळिशीनंतर पाळी जाण्याच्या काळात झोप मोडणं, चिडचिड, रडू येणं होतं. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणं हेही मनाच्या काळजीतच मोडतं.

कामाच्या ठिकाणी कोणी नको ते बोलत असेल, निरोप पाठवत असेल, तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या शाळेत अंतर्गत समिती हवीच. लहान शाळांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. निरोपांचे स्क्रीनशॉट पुसू नका.

संध्याकाळी थोडी घेतली की झोप लागते. त्यात काय वाईट?

दारूने डोळा लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते आणि उदासी वाढते. "थोडी" रोजची झाली असेल तर ते उपचाराचं कारण आहे, बदनामीचं नाही. सहकाऱ्यांनी अशा माणसाचे तास गुपचूप सांभाळत वर्षं काढू नयेत. लवकर व्यसनमुक्ती केंद्रापर्यंत सोबत जावं.

शिपाई, लिपिक, ताई यांच्यासाठी काही वेगळं?

त्यांना विचारलंच जात नाही, हीच मोठी अडचण. शालार्थची (ऑनलाइन पगाराची) बिलं अडली की सगळा स्टाफ लिपिकाच्या टेबलाभोवती, चूक दुसरीकडची असली तरी बोलणी त्यांना. शिपायांची पदं भरली जात नाहीत, म्हणून आहेत त्या मामांवर तिघांचं काम. ताई पहाटे घरचं आटोपून, तुटपुंज्या मानधनावर शेकडो ताटं वाढतात. शाळेच्या बैठकीत त्यांना खुर्ची द्या, त्यांच्या अडचणी इतिवृत्तात लिहा, आणि या पानावरची माहिती त्यांनाही वाचून दाखवा. १४४१६ हा नंबर स्टाफरूमसारखाच स्वयंपाकखोलीच्या दारावरही लिहिलेला असावा.

आणि मुख्याध्यापकाचं कोण बघणार?

वरून साहेब, खालून स्टाफ, बाजूने गाव आणि संस्था. मन मोकळं करायला शाळेत कोणी नसतं, कारण ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याच गोपनीय अहवालावर सही करायची असते. म्हणून शाळेबाहेरचा माणूस हवा. तालुक्यातल्या दोन-तीन मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा, शासकीय बैठक नसताना, कोणाच्या तरी घरी बसावं. अजेंडा नाही, इतिवृत्त नाही, बोललेलं बाहेर जाणार नाही एवढीच अट. केंद्रप्रमुखांनी अशा बसण्याला प्रोत्साहन द्यावं, पण स्वतः तिथे येऊ नये. आणि वर लिहिलेल्या खुणा दोन आठवडे स्वतःतच दिसल्या, तर रजेचा अर्ज टाकून, प्रभारी नेमून, डॉक्टरकडे जावं. शाळा तेवढे दिवस चालते.